थाई बेसिलचा वास नेमका कुठे असतो?

ग्रीन करीचा तयार मसाला आता सहज मिळतो, नारळाच्या दुधाचा डबा कोपऱ्यावरच्या दुकानातही असतो, तरी घरची करी हॉटेलातल्यासारखी लागत नाही ही तक्रार काही संपत नाही. बहुतेक वेळा घोळ झालेला असतो तो शेवटी घालायच्या मूठभर पानांत. कुणी ती घातलेलीच नसतात. कुणी पिझ्झ्यावरचं बेसिल घालतं, कुणी दारातली तुळस. आणि कुणी वणवण करून खरं थाई बेसिल आणतं नि करीबरोबर चांगलं १५ मिनिटं उकळतं. मला या शेवटच्या माणसाचं जास्त वाईट वाटतं, कारण त्याच्या खिशातून पैसेही गेलेले असतात.

मोठ्या शहरांत ब्रोकोली-झुकिनी ठेवणाऱ्या भाजीवाल्याकडे थाई बेसिलची छोटी जुडी मिळते. कधी मिळते, कधी नाही, आणि मिळते तेव्हा निम्मी पानं काळवंडलेली असतात. (ती का काळवंडतात ते पुढे येईलच.) त्यापेक्षा कुंडीत लावलेलं बरं. आपल्या हवेत हे झाड तुळशीइतक्याच सहजपणे येतं. लावायचं कसं, खुडायचं कधी, ठेवायचं कुठे आणि कढईत टाकायचं केव्हा, याच्या शंभर सूचना लोक सांगतात. पण एक गोष्ट समजली की त्या पाठ करायची गरज उरत नाही. ती गोष्ट म्हणजे, या पानाचा वास पानाच्या गाभ्यात नसतो, तो पानाच्या पृष्ठभागावर असतो.

पानाची खालची बाजू उन्हात धरून भिंगातून बघा. बारीक, चकाकणारे ठिपके दिसतात. त्या तेलाच्या ग्रंथी. प्रत्येक ग्रंथीवर अतिशय पातळ पापुद्रा असतो आणि त्याखाली सुगंधी तेलाचा अगदी सूक्ष्म साठा. बोटांनी पान चुरगळलं की पापुद्रा फुटतो आणि घमघमाट सुटतो. तुळस, पुदिना, सब्जा या एकाच कुळातल्या मंडळींची हीच रीत आहे.

कोणतं बेसिल कोणाचं कोण

थायलंडच्या स्वयंपाकघरात तीन वेगवेगळी झाडं वापरली जातात आणि आपल्याकडच्या मेनूकार्डावर तिघांनाही नुसतं ‘बेसिल’ म्हटलं जातं. गोंधळाचं मूळ इथे आहे.

पहिलं होराफा. आपण ज्याला थाई बेसिल म्हणतो ते हेच. जांभळट चौकोनी देठ, अरुंद आणि टोकदार पानं, जांभळ्या मंजिऱ्या. ग्रीन करी, रेड करी, परतलेल्या वांग्याची भाजी, शिंपल्यांची भाजी यांत हे पडतं. शास्त्रीय नाव ऑसिमम बॅसिलिकम. पिझ्झ्यावरचं इटालियन बेसिल याच जातीचं, आणि आपण उन्हाळ्यात भिजवून पितो तो सब्जाही याच जातीचा. म्हणजे तिघं सख्खी भावंडं.

दुसरं कफ्राव. ते ऑसिमम टेन्युइफ्लोरम, म्हणजे सरळ आपली तुळस. हॉटेलात ‘पॅड क्रापाओ’ नावाने येणारा, खिमा, लसूण आणि मिरची परतून केलेला पदार्थ याच्या पानांचा असतो. आपल्याकडे जशी हिरवी राम तुळस आणि काळसर कृष्ण तुळस, तसं तिकडेही पांढरं कफ्राव आणि लाल कफ्राव असे दोन प्रकार धरतात.

तिसरं मेंगलक, लिंबासारख्या वासाचं. ते बहुतेक सूपमध्ये किंवा भाताच्या शेवयांबरोबर कच्चं खातात, आणि त्याचं बी सब्जासारखं भिजवून गोड पदार्थांत घालतात.

आता वासाचं बघू, कारण एकाच्या जागी दुसरं का चालत नाही ते तिथेच कळतं. थाई बेसिलच्या तेलात एस्ट्रॅगोल नावाचा घटक भरपूर असतो. बडीशेपेला वास देणारा अ‍ॅनेथोल आणि हा एस्ट्रॅगोल यांचे अणू तेच आणि तितकेच, फक्त एका दुहेरी बंधाची जागा बदललेली. म्हणून थाई बेसिल हुंगलं की बडीशेप आठवते. इटालियन बेसिलमध्ये जोर असतो लिनालूलचा, आणि लिनालूल हाच धन्यांच्या तेलातलाही मुख्य घटक. तुळशीत युजेनॉल असतं, ते लवंगेचं. मेंगलकमध्ये सिट्रल, ते गवती चहाचं. बडीशेप, धने, लवंग, गवती चहा: चारही आपल्या घरात असतात, आणि धन्यांच्या जागी लवंग घालून चालेल असं कुणी म्हणणार नाही. बेसिलचंही तसंच आहे.

नर्सरीतून रोप घेताना पाटीवर विसंबू नका. ‘थाई बेसिल’ लिहिलेल्या कुंडीत मी तुळसही पाहिली आहे आणि साधा सब्जाही. एक पान चुरगळून हुंगा. बडीशेप आली तर घ्या.

आणि एक गंमत. भारतात सब्जाच्या ज्या जाती सुगंधी तेलासाठी शेतात लावतात, त्यांतल्या बऱ्याच एस्ट्रॅगोलयुक्तच आहेत. त्यामुळे वाण्याकडचा सब्जा कुंडीत पेरला, तर उगवलेल्या रोपांपैकी एखाद्याला थाई बेसिलच्या जवळ जाणारा वास येऊ शकतो. खात्री नाही, पण चिमूटभर सब्जाला खर्च तो काय? पानं जरा रुंद येतील, फुलं पांढरी असतील. करीला त्याने काही बिघडत नाही.

कुंडीतलं

बी पेरणार असाल तर ते आधी भिजवू नका. इतर बियांना भिजवण्याचा फायदा होतो. हे सब्जाचं भावंड असल्याने पाणी लागताच त्याभोवती बुळबुळीत आवरण येतं, बिया एकमेकींना चिकटतात आणि मग नीट पसरता येत नाहीत. ओलसर मातीवर कोरडं बी भुरभुरायचं, वर तीन-चार मिलिमीटर कोकोपीटचा पातळ थर द्यायचा आणि पिचकारीने पाणी मारायचं. ऊब असेल तर ५ ते १० दिवसांत उगवतं. रोपं दाट ठेवली आणि माती सतत चिंब राहिली तर ती बुडाशी काळी पडून आडवी होतात. त्यामुळे विरळणी करताना जीव मोठा करावा लागतो.

माझं मत विचाराल तर बियांपेक्षा छाट कलम बरं. ज्या झाडाचा वास तुम्हाला पसंत पडला आहे त्याचीच चार इंचांची फांदी घ्यायची, खालची पानं काढायची, उरलेला देठ पाण्यात ठेवायचा. आठ-दहा दिवसांत मुळं सुटतात. पाणी एक दिवसाआड बदलायचं, नाहीतर देठ कुजतो. बाजारातल्या जुडीतल्या फांद्यांनाही मुळं फुटतात, मात्र जुडी फ्रिजमध्ये गारठलेली नसावी.

बियांबाबत आणखी एक गोम आहे. बेसिलच्या फुलांवर मधमाश्या तुटून पडतात आणि एका झाडाचे परागकण दुसऱ्यावर नेतात. शेजारी सब्जा किंवा इटालियन बेसिल असेल तर तुमच्या थाई बेसिलच्या बियांतून संकर उगवतो, आणि त्याचा वास कसा निघेल ते सांगता येत नाही. कलमाला ही भीती नाही. बी घ्यायचंच असेल तर ‘सियाम क्वीन’ हे वाण शोधा; १९९७ साली अमेरिकेतल्या ‘ऑल-अमेरिका सिलेक्शन्स’ या बियाणं-चाचणीत त्याची निवड झाली होती, आणि ते अजूनही परदेशातल्या बियाणांच्या पाकिटांवर सर्रास दिसतं.

कुंडी ८ ते १० इंचांची पुरे. माती, कोकोपीट आणि गांडूळखत साधारण सारख्या भागांत. ऊन मात्र रोज निदान सहा तास हवं, आणि इथे पुन्हा त्या तेलग्रंथींकडे यावं लागतं. हे तेल झाड आपल्यासाठी बनवत नाही. ते त्याचं किडींपासूनचं संरक्षण आहे, आणि ते बनवायला लागणारी साखर झाड उन्हातच तयार करतं. सावलीतलं थाई बेसिल मरत नाही, पण लांबुळकं होतं, पानं पातळ पडतात आणि वास फिका होतो. उत्तरेकडच्या बाल्कनीत ते लावून वर ‘वासच नाही हो’ म्हणण्यात अर्थ नाही.

खताचंही तसंच. युरिया किंवा नत्र जास्त असलेलं कुठलंही खत घातलं की पानं भराभर मोठी होतात, हिरवीगार दिसतात, फोटोला उत्तम. पण तेल त्या प्रमाणात वाढत नाही आणि मोठ्या पानात वास विरळ होतो. महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत एवढ्यावर भागवावं. पाणी वरची इंचभर माती कोरडी झाल्यावर.

महाराष्ट्रात कधी लावायचं याचं एक उत्तर नाही. कोकणात आणि मुंबई-गोव्याकडे पाऊस ओसरल्यावर, नवरात्राच्या सुमारास लावलेलं छान येतं. तिथल्या जुलैत उघड्यावर ठेवलेल्या कुंडीत मुळं कुजतात, म्हणून पावसाळ्यात कुंडी छपराखाली घ्यायची आणि खालची थाळी काढून टाकायची. पुणे-नाशिककडे थंडीच्या रात्री तापमान १० अंशांच्या खाली गेलं की झाड थबकतं, पानांवर डाग पडतात. तिथे फेब्रुवारीतली लावणी बरी. विदर्भात मे महिन्यात हिरवी जाळी बांधल्याशिवाय निभाव लागणार नाही. लंडन, टोरांटो, न्यू जर्सीकडच्या मराठी मंडळींनी बाहेर ठेवायची घाई करू नये. दहिवर गोठायचं पूर्ण थांबेपर्यंत ते खिडकीतच ठेवा.

खुडणं हीच मशागत

बेसिल लावणारे बरेच जण झाडाला जपतात. एकेक मोठं पान खालून तोडतात, शेंडा तसाच ठेवतात. दीड महिन्यात हाती येतो एक उंच दांडा, वर मंजिरी, खाली काहीच नाही.

शेंड्यातून ऑक्सिन नावाचं संप्रेरक खाली झिरपत असतं आणि ते पानांच्या बेचक्यातल्या कोंबांना दबवून ठेवतं. शेंडा आहे तोवर ते कोंब झोपलेले राहतात. शेंडा कापला की दाब जातो. बेसिलची पानं समोरासमोर जोडीने येतात, त्यामुळे एका जोडीच्या थोडं वर कापलं की दोन्ही बेचक्यांतून एकेक फांदी फुटते. एकाच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ. रोपाला पानांच्या चार-पाच जोड्या आल्या की पहिली कापणी करायची, खाली दोन-तीन जोड्या ठेवून. त्यानंतर दर दोन-तीन आठवड्यांनी कापत राहायचं, लागो न लागो. एका वेळी झाडाचा एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग नेऊ नये, एवढं पथ्य.

मंजिरी दिसली की त्या फांदीचं नवीन पानं काढायचं काम थांबतं, म्हणून खुडायची. पण फेकायची नाही. थाई बाजारातल्या जुड्यांमध्ये कोवळ्या मंजिऱ्या असतातच आणि त्या पानांबरोबर सरळ करीत जातात. त्यांवरही तेलग्रंथी असतात.

सहा-आठ महिन्यांनी बुंधा लाकडासारखा होतो आणि पानं बारकी येऊ लागतात. तेव्हा जीव लावून बसू नका. कलम करून नवीन झाड घ्या.

रोगांपैकी दोघांची ओळख हवी. एक म्हणजे जाळीदार पंखांचा, काळपट, तिळापेक्षा लहान किडा, ज्याला लेस बग म्हणतात. तो तुळशीवरही येतो, म्हणून अंगणातल्या तुळशीची पानं पांढुरकी, ठिपकेदार आणि वाकडी व्हायला लागली की बेसिलची कुंडी लांब न्या. तो पानाच्या खाली बसून रस शोषतो. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने आणि खराब शेंडे कापून बराचसा आटोक्यात येतो. दुसरा केवडा, म्हणजे डाऊनी मिल्ड्यू. यात शिरांच्या मधला भाग पिवळा पडतो आणि माणसाला वाटतं खत कमी पडलं. खत घालण्याआधी पान उलटून बघा. खाली राखाडी-जांभळट भुकटी दिसली तर ती बुरशी आहे आणि खताने काही होणार नाही. ही बुरशी युगांडात १९३० च्या दशकात नोंदली गेली होती, पण जगभर पसरली ती या शतकात: २००१ मध्ये स्वित्झर्लंड, मग इटली, २००७ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडा. इटालियन बेसिलचं तिने फार नुकसान केलं. थाई बेसिल त्या मानाने चिवट आहे. पानांवर रात्रभर ओल राहणं हे या बुरशीच्या पथ्यावर पडतं, म्हणून पाणी सकाळी आणि बुडाशी घालावं.

रासायनिक औषध मात्र मारू नका. ही पानं शेवटच्या क्षणी, जवळजवळ कच्चीच पोटात जातात. कडुनिंबाच्या तेलाचाही कडवट वास पानांवर रेंगाळतो आणि तुमची सगळी मेहनत झाकून टाकतो.

फ्रिजमध्ये नको

भाजीवाल्याची जुडी काळी का असते? शीतगृहात ठेवलेली असते म्हणून. बेसिल उष्ण प्रदेशातलं झाड आहे. १० अंशांच्या खाली त्याच्या पेशींच्या भिंतींलगतचे पापुद्रे बिघडतात, आतले रस एकमेकांत मिसळतात आणि पान तपकिरी-काळं होतं. घरचा फ्रिज ४-५ अंशांवर चालतो. कोथिंबिरीला तो मानवतो, बेसिलला नाही. कापलेल्या फांद्या पेल्यातल्या पाण्यात उभ्या करून ओट्यावर ठेवा. चार-पाच दिवस ताज्या राहतात आणि तेवढ्यात एखादीला मुळंही फुटतात.

सुकवण्याच्या फंदात पडू नका. पान सुकताना वासाचा चांगला भाग उडून जातो आणि उरतं ते गवत. फारच पीक आलं तर पानं थोड्या तेलात वाटून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. रंग जरा काळवंडेल, पण तेलात वास बऱ्यापैकी धरून राहतो, कारण हे सुगंधी घटक पाण्यापेक्षा तेलात विरघळणारे आहेत.

कढईतलं

आता त्या १५ मिनिटं उकळणाऱ्याचं काय चुकलं ते बघू. एस्ट्रॅगोल स्वतः २०० अंशांच्याही वर उकळतं, म्हणजे १०० अंशांच्या करीत ते टिकायला हवं असं वाटेल. तसं होत नाही, कारण पाण्याच्या वाफेबरोबर ते निघून जातं. सुगंधी तेल काढणारे कारखाने नेमकं हेच करतात: पाल्यातून वाफ सोडायची, वाफेबरोबर तेल बाहेर येतं, ते थंड करून धरायचं. उघड्या भांड्यात बेसिल उकळत ठेवणं म्हणजे घरातच तो कारखाना काढणं, फक्त तेल धरायची सोय नसलेला. स्वयंपाकघर दरवळतं, ताटात काही येत नाही.

म्हणून गॅस बंद करायचा, पानं घालायची, एकदा हलवायचं, पान मलूल पडलं की वाढायचं. व्हिएतनाममध्ये तर हे काम जेवणाऱ्यावरच सोपवतात. फो या त्यांच्या नूडल सूपबरोबर ताज्या फांद्यांचं ताट येतं, आणि ज्याने त्याने पानं खुडून आपल्या वाडग्यात टाकायची. पानं चिरायचीही गरज नाही. सुरीने चिरलेली कड काळी पडते, आणि ग्रंथी ओट्यावरच फुटून जातात. अख्खी टाका, फार मोठी असतील तर हाताने दोन तुकडे करा.

ग्रीन करीबद्दल थोडं सविस्तर, कारण तिथे आपली सवय आडवी येते. आपण नारळाचा जाड रस शेवटी घालतो आणि तो फुटू नये म्हणून मंद आचेवर जीव मुठीत धरून ढवळतो. थाई रीत उलटी आहे. तिथे जाड रस आधी कढईत घेतात आणि मुद्दाम फुटेपर्यंत आटवतात. त्याला तेल सुटलं की त्याच तेलात मसाल्याचं वाटण परततात. चव तिथे तयार होते, कारण मिरची, गवती चहा, धने-जिरे यांचे सुगंध तेलात उतरतात. त्यानंतर पातळ रस, भाज्या किंवा चिकन. डब्यातल्या दुधात ते फुटू नये म्हणून घटक घातलेले असतात आणि ते काही केल्या फुटत नाही. तेव्हा सरळ चमचाभर तेल घ्या आणि पुढे चला. ताजा नारळ खवून काढलेला रस मात्र छान फुटतो, आणि तो काढायला मराठी माणसाला शिकवावं लागत नाही.

वाटण घरी करायचं तर हिरव्या मिरच्या, छोटे कांदे, लसूण, कोथिंबिरीची मुळं (हो, आपण फेकतो तीच, स्वच्छ धुवून), भाजलेले धने-जिरे, पांढरी मिरी आणि गवती चहा. चहात आपण पात घालतो. इथे बुडाकडचा पांढरट, जाड भाग लागतो, कारण पात कितीही वाटली तरी चोथा राहतो. ताजं गलांगल, म्हणजे आल्यासारखा एक कंद, शहरांत मिळतं, नाही मिळालं तर आलं घाला आणि वेगळी करी झाली आहे हे मान्य करा. काष्ठौषधीच्या दुकानातलं सुकं कुळिंजन त्याच कुळातलं असलं तरी ताज्याची चव त्यात नाही. मकरूत लिंबाच्या पानाऐवजी आपल्या लिंबाचं एखादं कोवळं पान चालतं, जास्त नको, कडू होतं. थाई वाटणात कापी, म्हणजे करंदीसारख्या बारीक कोळंबीची आंबवलेली चटणी असते. आपला जवळा त्याच गोतावळ्यातला. चमचाभर सुका जवळा भाजून वाटणात घातला तर आंबवलेला खमंगपणा येत नाही, पण समुद्राची खोली येते. शाकाहारी घरात सोया सॉसवर भागवावं. दोन वाट्या नारळाच्या रसाला दोन-तीन चमचे वाटण आणि शेवटी गच्च मूठभर पानं हे प्रमाण धरा. पानं सजावटीची नाहीत. भाजीसारखी, भरपूर पडायला हवीत.

पण मला विचाराल तर कोकणी घरात थाई बेसिलची खरी जागा करीत नाही, तिसऱ्यांत, म्हणजे शिंपल्यांत, आहे. थायलंडमध्ये शिंपल्यांचा एक पदार्थ करतात, त्यात भाजक्या मिरचीची गोडसर-आंबट चटणी आणि भरपूर होराफा असतं. त्या चटणीत सुक्या मिरच्या, छोटे कांदे, लसूण, सुकी कोळंबी, चिंच आणि ताडगूळ. एकही गोष्ट बाहेरून आणायला नको: ब्याडगी मिरची, सोडे, चिंच आणि साधा गूळ घेतला की झालं. कांदा-लसूण काळसर डाग पडेपर्यंत भाजायचा, मिरच्या आणि सोडे तेलात परतायचे, सगळं वाटून चिंच-गुळाबरोबर जॅमसारखं आटवायचं. तिसऱ्या मिठाच्या पाण्यात ठेवून वाळू काढायची. मोठ्या आचेवर लसूण, मग तिसऱ्या, झाकण. तोंडं उघडली की दोन चमचे चटणी, हलवाहलव, गॅस बंद, पानं. न उघडलेल्या तिसऱ्या टाकून द्यायच्या. यात ओलं खोबरं घालायचा मोह होईल. या एका वेळी आवरा.

मांस-मासळी न खाणाऱ्यांसाठी वांगं. लांब हिरवी किंवा जांभळी वांगी तिरकी कापून कडक तेलात परतायची, लसूण, ठेचलेली लाल मिरची, सोया सॉस, चिमूटभर साखर, थोडं पाणी, आणि वांगं मऊ झालं की पानं. दहा मिनिटांत होतं. वांग्याचा मऊ, तेलकट गोडवा आणि बडीशेपेचा वास यांचं फार जमतं.

आपल्या पोह्यांवर, उपम्यावर, वरणावर हे पान घालायच्या सूचना दिसतात. घालून बघायला हरकत नाही. मला ते उपरं वाटतं. हिंग-मोहरीच्या फोडणीशी त्या वासाचं भांडण होतं.

राहिला तुळशीचा प्रश्न. पॅड क्रापाओ घरी करायचं तर थाई बेसिलपेक्षा तुळस जवळची, हे जातीच्या हिशेबाने खरं आहे. पण वृंदावनातली तुळस खिम्यात घालायला घरातली मंडळी तयार होणार नाहीत, आणि माळकरी घरात तर हा विषयच काढू नये. बाल्कनीत वेगळं रोप लावलं तरी काहींना ते पटत नाही, आणि तो त्यांचा अधिकार आहे. ज्यांना चालतं त्यांनी कोवळी पानंच घ्यावीत, आपली तुळस निबर झाली की औषधी काढ्याची चव येते. बाकी त्या पदार्थात चवळीच्या शेंगा किंवा कांदा घालावा की नाही यावरून थाई लोकांतच हमरीतुमरी चालते, त्यामुळे तुम्ही काय घालता याची चिंता नको. वर कडा कुरकुरीत झालेलं तळलेलं अंडं मात्र हवंच.

एस्ट्रॅगोलबद्दल घाबरवणारे संदेश फिरतात, म्हणून तेवढं सांगतो. शुद्ध स्वरूपात आणि फार मोठ्या मात्रेत उंदरांना दिल्यावर त्याचे दुष्परिणाम दिसले, आणि युरोपीय संघाने २००८ च्या नियमांनुसार शुद्ध एस्ट्रॅगोल वेगळा स्वाद म्हणून खाण्यात घालायला मनाई केली. ताज्या पानांवर बंदी नाही. करीतली मूठभर पानं आणि बाटलीतलं अर्कतेल यांत प्रमाणाचा फरक प्रचंड आहे. अर्कतेल तेवढं पोटात घेऊ नका.

शेवटी झाड म्हातारं झालं की एक-दोन फांद्यांवर मंजिऱ्या तशाच वाळू द्या. हातावर चोळून फुंकर मारली की काळं बी उरतं. शेजारी इटालियन बेसिल किंवा सब्जा असेल तर ते पेरण्याच्या कामाचं नाही, पण भिजवलं की सब्जासारखंच फुगतं. सरबतात घाला, फालुद्यात घाला.